शिंदी आणि शेवटचं प्रकरण

प्रिय शिवा,

कादंबरी लिहून होत आली, शेवटचं प्रकरण तेवढं हलेना, म्हणून तुलाच पत्र लिहायला बसलो. शाळेत मी शिकवतो त्या नववी-दहावीच्या पोरांसाठी लिहितोय. पिऊन गाडी चालवणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट. कोणाची, ते तुला सांगायला नको. चाळीस वर्षं ही गोष्ट उरावर घेऊन थकलो रे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आपल्याला वाटलेलं, आता गावात नळ येतील. आला दुष्काळ, आणि गफूरचाचांचा टँकर.

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आपण उदगीरहून निघालो, तुझ्या अण्णांच्या फटफटीवर. घसा कोरडा. वाटेत शिंदीची झाडं लागली, खाली मडकं मांडून बसलेला माणूस. पहाटे उतरवलेली शिंदी गोड असते, पण दुपारच्या उन्हात तीच चढते, हे आपल्याकडं कोणाला ठाऊक नाही? एका पेल्यावर तू थांबला होतास. मीच म्हणालो, "आरं, ही काय दारू हाय का? थंड असती. पी अजून."

तूही ऐकायला नको होतंस. पण तुझं नेहमीचंच, मी म्हणेन त्याला हो.

"बस मागं," तू म्हणालास. "लई हलकं वाटून राहिलं."

पुढं वळणावरच्या विहिरीपाशी चाचांचा टँकर उभा होता. चाचा खाली विहिरीच्या पंपापाशी पाणी भरत होते. तू सरळ जाऊन टँकरवर आदळलास. माझा हात मोडला. तू तिथंच गेलास.

गळ्यात लिंग बांधणारं तुमचं लिंगायत घर, तिथं दारूचं नावही कोणी घेत नसे. तुझ्या आईनं, काकूंनी, मला एवढंच विचारलं, "लेकरू पेलं हुतं का रं?"

"न्हाई काकू. टँकरच अंगावर आला."

तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. माझ्या त्या शब्दावर लोकांनी चाचांना मारहाण केली. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

परवा चाचा बसस्टँडवर भेटले. म्हातारे झालेत. म्हणाले, "मास्तर, पोरांसाठी किताब लिवून राहिलाव म्हणं. माझा टँकर हाय का त्याच्यात?"

"हाय चाचा."

"उभा हाय का चालता?"

माझ्या वहीत तो अजून चालताच होता, शिवा.

उद्या सकाळी काकूंकडं जातो. तू काय प्यालास आणि कोणी पाजलं, दोन्ही सांगतो. त्या घराबाहेर काढतील, काढू देत. तिथून चाचांच्या घरी जाईन आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवीन. त्याचं पहिलं वाक्य आत्ताच लिहिलं: टँकर उभा होता.

तुला पाजणारा,
सुधाकर