पहिली तक्रार

दादा,

नव्या इंटरनेट सुरक्षा कायद्यापायी आपल्या घड्याळजींच्या फोरमलाही, इथे सभासदांना कशाकशाचा त्रास होऊ शकतो, अशी धोक्यांची यादी लिहावी लागली. सभासद जेमतेम एकेचाळीस, तरी प्रत्येक पोस्टखाली तक्रारीचं बटण लावलं. जबाबदार माणूस नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी अंग काढून घेतलं आणि घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. यादीत मी ठोकून दिलं, 'इथे कुणी कुणाला दुखवत नाही.'

आज दुकान उघडलं, तर पहिली तक्रार आलेली. नऊ वर्षांपूर्वी मी तुला सगळ्यांदेखत 'घड्याळांचा खाटीक' म्हटलं आणि तू फोरम सोडून गेलास, त्याच पोस्टवर. तक्रारदार तूच. म्हणजे तू अजून वाचतोस. हसता हसता माझ्या चिमट्यातलं चाक कुठे उडालं, देव जाणे. बायको म्हणाली, "तक्रार आली म्हणून एवढा खूश झालेला माणूस पहिल्यांदाच बघतेय."

पोस्ट काढली, यादीही सुधारली. तक्रारदाराला खासगीत गाठायचं नाही, हा नियम मीच लिहिलाय, म्हणून हे पत्र खणातच राहील. तुला फक्त ठरावीक उत्तर येईल. त्याची शेवटची ओळ तेवढी नीट वाच: निर्णय पटला नसेल तर अपील करा.

कर ना, दादा. हवं तितक्या वेळा कर.

तुझा,
जबाबदार माणूस