शेडमध्ये वाळत घातलेला पाळणा

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. विषय फक्त सुतारकाम. घरगुती गोष्टी इथे लिहायच्या नाहीत.

मुलीला, म्हणजे कीर्तीला, डॉक्टरांनी मेच्या वीसच्या आसपासची तारीख दिली आहे, असं सौ.कडून कळलं. बाळंतपण सातारला, सासरीच होणार. माहेरी यायचं तर कुणीतरी बोलवावं लागतं, आणि अडीच वर्षं आमचं बोलणं नाही. ते असो. पाळणा मात्र माहेरूनच जातो, ही रीत आहे. आणि तो रेडीमेड जाणार नाही. मी स्वतः करणार. हातात अडीच महिने आहेत. भरपूर.

सौ. म्हणाली, आवं, दोन मिनिटांचा फोन हाय, त्याला एवढं लाकूड कशाला लागतंय? मी विषय बदलला.

४ मार्च, दुपारी
बेदाण्याच्या शेडशेजारची जुनी खोली वर्कशॉपसाठी रिकामी केली. सुतारकामाच्या व्हिडिओतली पहिली टिप: प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असावी. भिंतीला प्लाय ठोकून त्यावर करवत, रंधा, पटाशी, हातोडी यांच्या आकृत्या काढल्या. हत्यारं अजून आलेली नाहीत. पण आकृत्या उत्तम आल्या आहेत.

७ मार्च
जोतीराम सुतार येऊन गेला. आमच्या घराची दारं-खिडक्या त्याच्याच हातची. त्यानं पिशवीतून जुन्या सागवानाचा तुकडा काढून दिला. दीड फूट लांब, तीन इंच जाड, चौकोनी. म्हणाला, अण्णा, ह्यो रंधा मारून चारी बाजूंनी गुण्यात आणा. तवर दुसऱ्या लाकडाला हात लावू नका.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. तुकडा बघितला तर आधीच चौकोनी दिसतो. दोन दिवसांचं काम.

९ मार्च
तीन बाजू गुण्यात. चौथी बाहेर. चौथी सरळ केली तर पहिली बाहेर गेली. दोष वर्कशॉपच्या फरशीचा आहे, तिला उतार आहे. जाडी पावणेतीन इंच.

जोतीराम म्हणाला, रंधा मारताना दम रोखून धरू नका, आन् लाकडाच्या रेषा जिकडं पळत्यात तिकडंच जावा. हे व्हिडिओत नव्हतं. तरी लिहून ठेवलं.

११ मार्च
वर्कशॉपचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला. कीर्तीनं ४ वाजून १२ मिनिटांनी पाहिला. कुणी कुणी पाहिला ती यादी मी फक्त लोकांना सुतारकामात किती रस आहे हे समजावं म्हणून उघडतो. त्यासाठी ती दिवसातून पाच-सहा वेळा उघडावी लागते.

१५ मार्च
लाकूड मिळालं! बांधावरचा कडुलिंब जानेवारीच्या वाऱ्यात पडला होता. पडलेलं झाड आहे, म्हणजे आम्हा जैनांना हिंसेचा प्रश्न नाही. मिलवर नेऊन फळ्या पाडून आणल्या.

जोतीरामनं फळीला नाक लावलं आणि म्हणाला, वलं हाय की. इंचभर जाडीला वरीसभर सावलीत वाळवायला लागतंय. पुढच्या उन्हाळ्यात बगू.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाळ चालायला लागेल.

१५ मार्च, थोड्या वेळानं
जेवताना सुचलं. घास तसाच ठेवून उठलो. गेली तीस वर्षं मी दुसरं करतो काय? वाळवतोच ना? द्राक्षात पाणीच पाणी असतं, तरी पंधरा दिवसांत बेदाणा होतो. लाकडात त्याच्या निम्मंही पाणी नसेल. मग वर्ष कशाला? द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून आम्ही ज्यात बुडवतो ते कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल सुतारांना कुणी दाखवलंच नाही, एवढाच मुद्दा आहे. हे पेटंटचं काम आहे.

१७ मार्च
फळ्या डिपिंग केल्या. द्राक्षाचा घड द्रावणात चार मिनिटं बुडवतात. फळीची साल जाड म्हणून अर्धा तास. मग शेडमध्ये रॅकचा सगळ्यात खालचा थर मोकळा करून जाळीवर एकेक पसरली. वरच्या थरांवर द्राक्षं, खाली पाळणा.

शेडवर कामाला येणाऱ्या हरणाबाईंनी विचारलं, अण्णा, ह्याचा बेदाना कवा निगायचा वं? बायका हसल्या. मी पण मोठ्या मनानं हसलो.

१८ मार्च
आज पुन्हा हसल्या. आज मी हसलो नाही.

२४ मार्च
फळ्या उलटल्या. वजन कमी वाटतं. सरावाचा तुकडा दोन इंच.

तत्त्वाचा निर्णय: जुन्या पद्धतीचा सरस वापरायचा नाही, तो जनावराच्या कातडी-हाडांचा असतो. लाखेचं पॉलिशही नाही, लाख किड्यांपासून येते. पाळणा संपूर्ण अहिंसक होणार. कीर्तीला हे आवडेल. लहानपणी मुंग्यांची रांग आडवी आली की ती शाळेला उशीर करायची.

(घरगुती गोष्ट. पुन्हा लिहायची नाही.)

२ एप्रिल
पंधरा दिवस पूर्ण. फळीवर बोट वाजवलं तर टणटण. रंग उजळावा म्हणून बेदाण्याबरोबर एक रात्र गंधकाची धुरीही दिली होती. फळ्या छान पिवळसर आल्या. ग्रेडिंग केलं: ए ग्रेड सहा, बी ग्रेड चार. स्टेटस टाकला. कीर्तीनं सात मिनिटांत पाहिला. सात!

जोतीरामला बोलावणार नाही. उगीच त्याचं मन दुखेल.

९ एप्रिल
दुपारी शेडमध्ये कडाड् असा आवाज. रॅक कोसळला म्हणून बायका बाहेर पळाल्या. रॅक ठीक होता. ए ग्रेडची एक नंबर फळी उभी चिरली होती.

११ एप्रिल
दोन, पाच आणि सहा नंबरही गेल्या. तीन नंबरला पीळ बसला आहे, जमिनीवर ठेवली की एक कोपरा वर राहतो. चार नंबर पन्हाळीसारखी वाकली. बी ग्रेडबद्दल लिहीत नाही.

शेवटी जोतीरामला बोलावलं. तो फळ्यांभोवती फिरला. वास घेतला, शिंकला, पुन्हा वास घेतला. म्हणाला, वरनं कडाक झालंय, आतनं वलंच हाय. भाईरचं आकसलं, आतलं आकसंना, मग फुटणारच की. अण्णा, ह्ये लाकूड हाय, द्राक्ष न्हवं. मग म्हणाला, लय घाई हाय काय?

मी म्हटलं, छे, घाई कसली.



२० एप्रिल
नवा विचार. वाकलेल्या फळ्या हा दोष नाही, आकार आहे. पाळणा गोलसरच असतो. तीन आणि चार नंबर बाजूंना, तळाला बी ग्रेड. अडचण एकच, दोन्ही उलट दिशांना ओढतात. क्लॅम्प लावून ओढून बसवता येईल.

वर्कशॉप दिवस मावळायच्या आत बंद करावं लागतं, कारण त्याआधी जेवण. बाकीचे सुतार दिवे लावून काम करतात, म्हणून त्यांचं पुढं जातं.

२८ एप्रिल
क्लॅम्प काढला की पाळणा उघडतो. क्लॅम्पसकट पाठवता येईल का?

सौ.ला म्हटलं, तिला विचार, पाळणा कुठल्या रंगाचा हवा. सौ. म्हणाली, तुमीच इचारा की. मी म्हटलं, रंगाचं काम बायकांचं. ती म्हणाली, आवं, त्या पोरीनं लगीन केलंय, दरोडा न्हाई घातलेला. आणि आत निघून गेली. आज जेवायला ताटात फक्त आमटी-भात होता.

३ मे
तुकडा एक इंच. आता त्याला चौकोनी म्हणता येणार नाही, गोलच होत आला आहे. सांध्याचा सराव म्हणून दोन्ही टोकांना खाचा पाडल्या. दोन्ही वाकड्या, पण एकसारख्या वाकड्या. ही प्रगती आहे.

स्टेटस टाकला. रात्रीपर्यंत कीर्तीनं पाहिला नाही.

४ मे
पाहिला नाही. रेंज नसेल. नवीन टाकला. तोही पाहिला नाही.

५ मे, पहाटे ५.००
नाही पाहिला.

५ मे, ५.२०
नाही.

५ मे, सकाळी ७.००
तिनं मला यादीतून काढलं असेल. काढू दे. तिचा हक्क आहे. अडीच वर्षांपूर्वी तिनं जैनांबाहेर लग्न केल्याचं कळवलं, तेव्हा मी फोनवर तिला एक वाक्य बोललो होतो. या वहीत ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ही वही दुसरं कोण वाचणार? मी म्हटलं होतं, मला मुलगीच नव्हती असं समजेन. रागात बोललो. राग आठ दिवसांत गेला. वाक्य गेलं नाही. रोज वाटतं आज करू फोन, आणि रोज वाटतं की फोन केला तर आधी त्या वाक्याचं काहीतरी बोलावं लागेल. पाळण्याबरोबर काही बोलावं लागत नाही. पाळणा नुसता ठेवायचा असतो.

मला भीती वाटते आहे. हे सुतारकामाबद्दल नाही.

५ मे, सकाळी ७.४०
सौ.ला विचारलंच. कीर्ती कशी आहे? तिनं चहा गाळता गाळता सांगितलं, काल पहाटंच मुलगी झाली, दोघी बऱ्या हाईत. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुमी इचारलं न्हाई.

मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

पंधराला बारसं. दहा दिवस.

१२ मे
पाळणा उभा आहे! आठ क्लॅम्प, चोवीस स्क्रू, दोन बाटल्या गम. गंधकाचा वास जरा आहे, पण फुलं लावली की जाईल.

चाचणी घेतली. बाळाच्या वजनाइतकी, तीन किलो बेदाण्याची पिशवी आत ठेवली आणि हळू झोका दिला. पहिला झोका उत्तम. दुसरा उत्तम. तिसऱ्याला तळाची फळी सुटली. पिशवी पडली, फुटली, बेदाणा सगळ्या वर्कशॉपभर.

मी खाली बसून एकेक दाणा वेचला. वेचताना सारखं एकच डोळ्यापुढं येत होतं, की पिशवी नसती तर.

१३ मे
जोतीरामकडे गेलो. म्हटलं, मला जमलं नाही. हे वाक्य मोठ्यानं बोललो, हे इथे नमूद करतो. दोन दिवसांत पाळणा करून दे म्हणून त्याचे हात धरले. तो म्हणाला, अण्णा, हात सोडा वं. तुमी आदी सांगितलं असतं तर कवाच करून ठेवला असता. आता दोन दिवसांत केला तर तो बी तुमच्या पाळण्यासारखाच व्हईल.

सौ.ला सांगितलं, तू एकटी जा. शेड धुवायचं काम आहे. रिकाम्या हातानं मला जाता येणार नाही. तिनं माझी पिशवी भरायला घेतली.

१५ मे, एसटीत, कराडच्या पुढे
पिशवीत टॉवेल, बदलायचे कपडे आणि सरावाचा तुकडा. तो मीच आत ठेवला. हातात काहीतरी असावं म्हणून. जाडी पाऊण इंच. तो गुण्यात कधीच आला नाही, पण पॉलिश पेपर इतका मारलाय की कुठं बोटाला कूस लागत नाही.

भाषण तयार केलं आहे. सुरुवात लाकडाच्या ओलाव्यापासून करायची आणि हळूहळू त्या वाक्याकडे यायचं.

१६ मे, सातारा, सकाळी
काल जे झालं ते क्रमानं लिहितो.

दारात व्याही उभे होते, लालासाहेब, रिटायर्ड सुभेदार. मला वाटलं आता उलटतपासणी. ते म्हणाले, या अण्णा, टायमावर आला. जावई, राजवर्धन, वाकून पाया पडला. मी आशीर्वादाऐवजी थँक्यू म्हणालो.

आत एक मोठा पितळी पाळणा, फुलांनी सजवलेला. त्यांच्या घरचा, तीन पिढ्यांचा. बारसं त्यात झालं. पण बाळ त्यात ठेवलं की किंचाळतं. झोपतं ते फक्त साडीच्या झोळीत. झोळीचं कापड दोन्ही बाजूंनी मिटून बाळाच्या तोंडावर यायचं, म्हणून मध्ये लाटणं अडकवलं होतं, आणि ते सारखं निसटून पडत होतं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा सौ.नं न विचारता माझी पिशवी उघडली, तुकडा काढला आणि झोळीत आडवा घातला. कापड दोन्ही वाकड्या खाचांत बसलं. झोळी उघडी राहिली. बाळ झोपलं.

कीर्ती तुकड्यावरून बोट फिरवत होती. सौ. म्हणाली, तुज्या बापानं दोन महिनं घासलाय.

मी भाषण सुरू केलं. ओलाव्यापर्यंतच आलो. एवढंच म्हणालो, कार्बोनेट जरा जास्त झालं, बाळा. माझंच चुकलं.  कीर्ती घड्याळाकडे बघून म्हणाली, अण्णा, सव्वासहा झालेत, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या. ताट वाढलेलं होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. सौ. नंतर म्हणाली, अडीच वर्षं ही पोरगी या घरात अशीच दिस मावळायच्या आत जेवतीया. 

पाळण्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

१६ मे, दुपारी
गावी, तासगावला फोन केला. जोतीराम फळ्या सरपणाला नेतोय. गंधकामुळे चुलीत नको, अंगणातल्या बंबात जाळ असं बजावलं. आकृत्यांचा प्लाय हरणाबाई नेणार, कोंबड्यांच्या खुराड्याला.

मला इथे झोळीची दोरी ओढायचं काम दिलं आहे. दोरी हळू ओढायची, एका लयीत, दम रोखून धरायचा नाही. कीर्ती आत्ताच डोकावून म्हणाली, हे जमतंय की तुम्हाला. काल दारात आल्यापासून तिनं माझ्याशी बोललेलं हे दुसरं वाक्य. मोजत नाही, सहज लक्षात राहिलं.