वर चढवलेला आवाज

४ नोव्हेंबर, दुपार

चि. पिपाणीस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. ठोक्याही मजेत आहे, फक्त पोट इतकं सुटलंय की ड्रमपाशी त्याच्याआधी तेच पोचतं. तुला नवी नोकरी मानवली हे वाचून बरं वाटलं. फोन का उचलत नाही म्हणून रागावलीस, त्याचं पुढे सांगतो.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कंपनीने आपला पहिला अल्बम नव्याने काढला, तो ऐकून तू स्वयंपाकघरात रडत बसलीस म्हणे. 'दादा, या वेळी माझा आवाज सगळ्यांच्या वर ठेवलास. न बोलता माफी मागितलीस, ती पोचली,' असं लिहिलंस. वर शनिवारी आमच्या कार्यक्रमाला येते, गाते, म्हणालीस! बँड सोडल्यापासून तू मला साधं 'कसा आहेस' विचारलं नव्हतंस. मी खरं तर नाचायला हवं होतं.

इस्त्रीच्या दुकानावरची आपली ती खोली आठवते ना? तालाला शिवणयंत्र, सुराला बिघडलेला पंखा, आणि त्या गदारोळाखाली तुझा बारीक, कुजबुजता आवाज. तू म्हणायचीस, मला गाडून टाकतोस. मी म्हणायचो, लोकांनी कान देऊन शोधावं. शोधलंही त्यांनी, दुसऱ्या अल्बमला सभागृहं भरली. तिसऱ्याच्या वेळी तू माइक खाली ठेवलास आणि निघून गेलीस. मग आम्ही दोघं आणि रिकाम्या खुर्च्या. तरी तुझा आवाज खालीच शोभायचा असं मला आजही वाटतं. चीड हवी तेवढी.

म्हणजे बघ, माफीबिफी मी मागितलीच नव्हती.

या नव्या अल्बमसाठी जुन्या फितींचं मिक्सिंग करत होतो. शिवणयंत्र ऐकू येत होतं, ठोक्या ऐकू येत होता, तूच नाही. फीत खराब झाली असेल म्हणून तुला चढवलं. अजून चढवलं. ठोक्या कानांवर हात ठेवून ओरडला, "अरे, किती वर नेशील तिला? बहिणीचा एवढा पुळका कधीपासून?" मी हसण्यावारी नेलं आणि तसंच पाठवून दिलं. नंतर डॉक्टरांकडे गेलो. वरचे सूर गेलेत म्हणाले, बाकीचेही जातील. म्हणून फोन उचलत नाही गं. तुझं बोलणं मला कळलंच नसतं.

हे दडवून तुला स्टेजवर आणता आलं असतं. ठोक्याचं तेच म्हणणं, गप्प बस, येतेय तर येऊ दे. पण तू गाणार आणि मी शेजारी ऐकल्यासारखी मान डोलावणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

तर पिपाणे, ती माफी नव्हती, माझे कान गेले होते. एवढं मात्र खरं, की तू ऐकू येईनास तेव्हा मी फार घाबरलो. फीत मागे नेऊन नेऊन तुलाच शोधत राहिलो.

आता शनिवारी यायचं की नाही, ते तू ठरव. आलीस तर दारातून हाका मारू नकोस, मला कळणार नाही. सरळ आत ये आणि खांद्यावर हात ठेव.

वाट बघतोय.

दादा