कच्च्या वहीचं कोरं पान

बाबा, तुमची कच्ची वही माझ्याजवळ आहे. कडेला वाळवीनं खाल्ली आहे, पण शिसपेन्सिलीचं तुमचं अक्षर अजून वाचता येतं. हे मी तिच्याच शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे. मागच्या आठवड्यात एका कॉलेजात मला बोलावलं होतं, नव्या लिहिणाऱ्या पोरांना गोष्टीतली माणसं कशी उभी करायची आणि त्यांचं बोलणं कसं लिहायचं ते सांगायला. एका मुलीनं विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? मी म्हटलं, माझे वडील अर्जनवीस होते, त्यांच्याकडून. टाळ्या पडल्या. घरी आलो आणि ताटावर बसवेना. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं तुम्हालाही कधी कळलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

मंगरूळपीरच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली तुमची सतरंजी, पुढ्यात उतरतं मेज, दौत आणि टाक. माणूस येऊन बसला की तुम्ही आधी त्याला पाणी द्यायचे, मग वही उघडून म्हणायचे, "बोल." जमिनीच्या भांडणासाठी आलेल्यानं म्हशीपासून सुरुवात केली तरी अडवायचं नाही. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत पेन्सिलीनं कच्च्या वहीत उतरवायचं, आणि त्यातून मग कचेरीच्या भाषेतला अर्ज, 'अर्जदार नम्रपणे विनंती करतो की'. अंगठा घेण्याआधी तुम्ही तो कागद पालथा घालायचे आणि सगळा मजकूर त्या माणसाच्या बोलीत त्याला परत सांगायचे. शेजारचे अर्जनवीस हसायचे, तेवढ्या वेळात त्यांचे दोन अर्ज उरकत. तुमचं लक्ष मात्र समोरच्याच्या मानेकडे. मान आपोआप हलली तर अंगठा. नाही हलली तर तुम्ही विचारायचे, "काय राह्यलं?" काहीतरी राहिलेलं असायचंच.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, रिठदच्या शाळेत मास्तर. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि माझी पहिली गोष्ट एका मासिकात छापून आली होती, म्हणजे जमिनीला पाय लागायचं काही कारण नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो आणि स्वयंपाकघरात तुम्हा दोघांना ती वाचून दाखवली. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून ऐकता आहात. गोष्टीतली कापूस वेचणारी बाई म्हणते, 'नियतीच्या या क्रूर आघातापुढे मी अबला काय करणार?' तुम्ही हात वर करून मला थांबवलं.

"हे बाई कापूस येचते म्हंतोस?"

"हो."

"मंग हिले जरा बसाले सांग. थकली असन येवढं बोलून."

आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मी वाचायचं बंद केलं आणि दोन दिवस तुमच्याशी नीट बोललो नाही. अर्ज खरडणाऱ्याला गोष्टीतलं काय कळतं, असं मनात म्हणत होतो.

त्याच आठवड्यात तुम्हाला हिवताप आला. तुमच्या जागी मी बसतो म्हटलं. तुम्ही गोधडीतून एवढंच म्हणालात, "कच्ची वही ने." मी नेली, उघडली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मानोऱ्याकडच्या एका वस्तीवरची बाई आली. पन्नाशीची, टाचा फुटलेल्या, पदराला गाठी. तिची लेक सासरच्या विहिरीत सापडली होती. तिनं उडी मारली असं सासरचे सांगत होते, आणि चौकशी करा एवढंच या आईचं मागणं होतं. ती बोलत राहिली आणि माझे डोळे भरून आले, खरंच भरून आले. घात तिथेच झाला. ती पुढे बोलत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. मग मी लिहिलं: 'माझी कन्या सासरच्या अनन्वित छळास कंटाळून, जीविताचा वीट येऊन, विहिरीच्या काळोखात स्वतःस झोकून देती झाली.' त्याच भाषेत, चांगला आवाज लावून, तिला वाचून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "लय चांगलं लिवलं, मास्तर," असं म्हणून तिनं अंगठा पुढे केला. मान हलली नव्हती. ते मी पाहिलं आणि तरी अंगठा घेतला.

आठ दिवसांनी कचेरीतल्या साहेबांनी दोन्हीकडच्यांना उभं करून अर्ज वाचला. म्हणाले, "बाई, पोरीनं स्वतः उडी घेतली असं तूच लिहून दिलंस. हे लोकही तेच सांगतात. मग चौकशी कशाची?" छळाला साक्षीदार कोणी नव्हता. अर्ज निकाली निघाला. मी नक्कल घेऊन घरी आलो. तुमचा ताप उतरला नव्हता. तुम्ही उशाशी कागद धरून वाचला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे कोन बोललं?"

"तीच."

"उडी घेतली, असं ती बोलली?"

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नोको. तिनं काय म्हटलं ते सांग."

मी सांगायला लागलो. सांगता सांगता तिचे शब्द माझ्याच तोंडून मला ऐकू आले: माही पोरगी पान्याले भेत होती. लहानपनी नाल्यात वाहून चालली होती, तवापासून विहिरीच्या काठावर एकटी कधी जाये नाही.

तुम्ही उठून बसलात. "हे कधी बोलली ती?"

मी म्हटलं, "अंगठा झाल्यावर. उठता उठता."

तुम्ही तिला निरोप धाडलात. ती आली त्या दिवशी, वैशाखातल्या उन्हात, घोंगडी पांघरून तुम्ही आम्हा दोघांना घेऊन कचेरीत गेलात. दुसरा अर्ज केलात आणि साहेबांना सांगितलंत, बाईला हे मागून आठवलं. साहेब म्हणाले, "आधी एक, मग दुसरं. बाईला कोणीतरी शिकवलेलं दिसतं." आपण तिघं परत कडुनिंबाखाली आलो. तुम्ही कच्च्या वहीच्या नव्या पानावर तिच्या गावाचं नाव घातलं. "बाई, ते आधीच सांगाचं होतं. आता पयल्यापासून बोल, आपन वरच्या सायबाले अर्ज करू." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी दौतीत पाहत होतो.

"नाही जी," ती तुम्हाला म्हणाली. "मास्तर शिकले-सवरले हायेत. त्यायनं लिवलं ते बराबरच असन. उडीच मारली असन पोरीनं. मलेच उमजलं नसन."

दुपारच्या मोटारीनं ती गेली आणि पुन्हा आली नाही. तिची लेक तर गेलीच होती. त्या लेकीविषयी जे तिला पक्कं ठाऊक होतं, तेही माझ्या एका वाक्यानं तिच्याकडून काढून घेतलं. साठ-पासष्ट वर्षं झाली, मला त्याची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

त्यानंतर मी शिकलो, बाबा. बाजारात, मोटारीत, पाणवठ्यावर लोक बोलतात ते वह्यांत उतरवत राहिलो. लिहिलेलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि समोर कोणाची तरी मान हलते का ते बघायचं, ही खोड लागली. पुढे चार वर्षांनी तुम्ही गेलात. त्याआधी माझी एक गोष्ट ऐकून म्हणाला होतात, "ही बाई बसून बोलून राह्यली." तेवढं कौतुक मला नंतर कुठल्याच सभेत मिळालं नाही. तुम्हाला वाटलं, मी तुमच्याकडून शिकलो.

ते पान वहीत तसंच राहिलं होतं, वर गावाचं नाव, खाली काही नाही. आज त्यावर पेन्सिलीनं तिचं बोलणं लिहून काढलं. आता वही मिटून पेटीत ठेवणार आहे. फक्त एक राह्यलं. ती अंगठा झाल्यावर नव्हती बोलली. ती आली, सतरंजीवर बसली, मी तिला पाणी द्यायला विसरलो होतो, आणि तिनं तोंड उघडलं ते त्याच वाक्यानं: माही पोरगी पान्याले भेत होती.