स्टिअरिंगवरचं लाल फडकं

दि. ९ ऑक्टोबर, गुरुवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझ्या खोलीची खिडकी वाऱ्याने निखळली होती, ती सुताराकडून बसवून घेतली. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच ‘ठेवतो वहिनी’ म्हणतोस, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की गाडीला गिऱ्हाईक मिळालं. भंगारात दे, तो सांगाडा दारात बघवत नाही, असं तू तीनदा म्हणालास. पण तुझ्या दादाने जिच्यावर एकोणीस वर्षांचे रविवार घालवले, ती वजनावर द्यायला माझं मन होईना. मीच जाहिरात लिहिली. ‘जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार. पुढचा भाग जळलेला. दारं, चाकं, मागचा भाग शाबूत. पुन्हा उभी करायची हौस असेल त्यानेच यावं.’ सातवी शिकलेल्या बाईच्या मानाने बरी आहे ना?

पहिला आला तो नुसते फोटो काढून गेला. दुसऱ्याला फक्त चाकं हवी होती. तिसरे एक पिकल्या केसांचे मिस्त्री, जुन्या गाड्या उभ्या करणारे. बायको बरोबर होती, टॉर्च तिच्याच हातात. गॅरेजचं शटर वर केलं तर आठ महिन्यांनंतरही तोच वास. मिस्त्रींनी काळ्या पडलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, ही जळलेली नाही. नुसती रागावली आहे.”

“त्यांना दर गाडी बायकोसारखी वाटते,” त्यांची बायको म्हणाली. “समजूत मात्र गाडीचीच काढतात.”

मला हसू आलं. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

मग त्यांनी विचारलं, आग लागली कशी? लोक सांगतात तेच मी सांगितलं. पेट्रोलची नळी सोडताना पाना कुठेतरी टेकला, ठिणगी उडाली.  त्यांनी मागे जाऊन डिकी उघडली. बॅटरी तिथेच असते, तुला ठाऊक आहे. टॉर्चचा उजेड तिथे बराच वेळ राहिला.

“वायर जोडलेली आहे,” ते म्हणाले. “नट चांगला आवळलेला आहे. पेट्रोलच्या कामाला बसताना बॅटरी जोडून ठेवायचे का ते?”

मी नाही म्हणाले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. लिहिलं की मला नीट दिसतं. शनिवारी संध्याकाळी दादा बॅटरीची वायर सोडवायचा आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचा. फडकं आहे तोवर गाडीत वीज नाही. हा नियम घरात आपल्या तिघांनाच ठाऊक होता.

त्या रविवारी तीन वाजता मी चहा घेऊन गेले. तो बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. मी नेहमीसारखं विचारलं, “बॅटरी?” मान वर न करता म्हणाला, “फडकं बघ की.”

मी बघितलं. फडकं होतं. मी घरात आले आणि कप विसळायच्या आत तो आवाज झाला.

तेव्हापासून सगळे म्हणतात, एवढा जाणता माणूस, पण निष्काळजीपणाने गेला. शेजारची तर माझ्या तोंडावर म्हणाली. मी गप्प राहिले. त्याचं दुरुस्तीचं पुस्तक शब्दकोश घेऊन दोनदा वाचून काढलं. पेट्रोलच्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य आहे, आधी बॅटरी सोडवा. त्याखाली त्याने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात. निष्काळजी माणूस रेघा ओढत नाही.

मिस्त्रींची बायको स्टिअरिंगवरचं अर्धं जळलेलं फडकं सोडवत होती. नखं दुखली बिचारीची. “ही काय गाठ म्हणायची,” ती म्हणाली. मी जवळ जाऊन पाहिलं. तुझा दादा एका हाताने ओढली की सुटेल अशी सैल गाठ मारायचा. ही दुहेरी होती, टोकं आत खोचलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. डबा दप्तरात सांडायचा, म्हणून मी तुला ही गाठ शिकवली होती. दुसऱ्या कुणाला कधी शिकवली नाही.

आता माझं सांगते. त्या रविवारी सकाळी दादा बाजारात गेला होता. कपाटातली गाडीची किल्ली मी तुला काढून दिली. “तासाभरात आणून लावतो, दादाला सांगू नकोस,” म्हणालास आणि मी हसले. चहा देतानाही मी त्याला सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. तू गाडी आणून लावलीस, फडकं परत बांधलंस, पण चालवायला जोडलेली वायर सोडवायची राहिली. तू हे मुद्दाम केलंस असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पण आठ महिने तू फोनवर गाडी भंगारात दे म्हणत राहिलास, आणि मी ऐकत राहिले. दोघांनी मिळून त्याला निष्काळजी ठरवलं.

मिस्त्रींना आगीचं कारण लिहून हवं आहे. वायरिंगचा दोष की माणसाच्या हातून झालं, हे कळल्याशिवाय ते इंजिनला हात लावणार नाहीत. विक्रीच्या कागदावर तुझीही सही लागेल, दादाने गाडीच्या कागदांत हौसेने तुझंही नाव घातलं होतं. एकोणीस तारखेला, रविवारी सकाळी, ते गाडी न्यायला येतील.

आगीच्या कारणाच्या कागदावर मी माझी ओळ लिहिली आहे. ‘किल्ली मी दिली, आणि त्यांना सांगितलं नाही.’ खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. तू आलास तर ती तुझ्या अक्षरात भरली जाईल. नाही आलास तर माझ्या. रिकामी मात्र जाणार नाही.

फडकं पाकिटात घालणार होते. मग वाटलं, नको. ते टेबलावर आहे, गाठीसकट. येशील तेव्हा तूच सोडव.

अठराच्या शनिवारी रात्री दोन पानं वाढून ठेवीन.

तुझ्या दादाची बायको,
आणि तू म्हणशील तर अजून तुझी
वहिनी