आजवरचं सर्वांत जास्त वजन

प्रिय मालिन,

फोनवर तू नेहमीसारखं ‘बरं, ठेवते’ म्हणून मला गप्प केलं असतंस, म्हणून लिहितेय. इकडे उप्सालात सगळं ठीक आहे, आईचा गुडघा सोडला तर. परवा म्हणाली, मालिन आता किती छान दिसते. नाताळात तुझ्यापुढची खिरीची वाटी उचलून माझ्यापुढे ठेवणारी हीच बाई, असं अगदी ओठांवर आलं होतं.

मार्चमध्ये तू आमच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला आलीस. लठ्ठपणाच्या अभ्यासात तुलनेसाठी सडपातळ माणसं कमी पडली की आम्ही घरच्यांनाच धरून आणतो. रक्ताच्या बदल्यात कॉफी आणि वेलदोड्याचा बन. तू अर्धा बन खाल्लास, अर्धा कागदात गुंडाळलास. अर्जात ‘आजवरचं सर्वांत जास्त वजन’ असा रकाना होता. तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. लग्नाआधी स्तेनला तू भेटलीस ती अशी बारीक होऊनच, त्याने पाहू नयेत म्हणून जुने फोटो तू फाडून टाकलेस, हे मला ठाऊक होतं. मी त्या दिवशीचंच वजन लिहिलं, चौसष्ट किलो. एकशे अठरा लिहायला हवं होतं. वीस वर्षं नमुने सांभाळणाऱ्या बाईने हे करावं!

आता निकाल आलेत. तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक माणसाच्या दिसतच नाहीत. जाड असताना त्यांच्या जनुकांवर ज्या रासायनिक खुणा उमटल्या, त्या सात वर्षांनीही तशाच आहेत. पेशींना तू बारीक झाल्याचं कुणी कळवलंच नाही, म्हण ना. आमची प्राध्यापक एलिनोर म्हणाली, नमुन्यात काहीतरी भेसळ झालीय, टाकून द्या. मला तुझी सारखी सारखी दुखणी आठवली, दोन महिने न भरलेली ती गुडघ्यावरची जखम, आणि तुझं ते ‘माझंच काहीतरी चुकतंय गं, अजून कमी खायला हवं.’ या खुणांमुळेच तसं झालं असं छातीठोकपणे इथे कुणी सांगणार नाही. पण तुझ्या डॉक्टरला तुझं जुनं वजनच माहीत नाही, तो शोधणार तरी काय? फार वाईट वाटलं मला, मालिन.

म्हणून शुक्रवारी मी एलिनोरला खरा आकडा सांगितला. तुला न विचारता. पुढच्या सोमवारी ती तुझी संमती मागायला फोन करेल. तू नाही म्हणालीस तर नमुना फेकतील, तो तुझा हक्क. पण अर्जावर तू तुमच्या सायकलच्या दुकानाचा नंबर दिलायस, आणि तिथे फोन स्तेन उचलतो. त्याआधी त्याला तू सांग, एवढ्यासाठी हे पत्र. माझ्यावर हवं तितकं रागव. एलिनोरने विचारलं, ही तुझी कोण? शाळेच्या मैदानावर पोरींनीही मला हेच विचारलं होतं. माझ्या मागून तू धापा टाकत येत होतीस, आणि मी म्हटलं होतं, आमच्या शेजारची आहे. तू ते ऐकलं होतंस. या वेळी मी म्हटलं, माझी सख्खी बहीण.

तुझीच,
गुनिल्ला