पाराकुप्तो आणि धुऱ्यावरची शेती

कळंब

आदरणीय श्रीकृष्णभाऊजी,

थोरल्या साडूंना धाकट्या सदाशिवचा (आज जरा ताठ मानेनं केलेला) नमस्कार. ताईंचा खोकला थांबला का? इकडे तुमच्या मेहुणीची, कोकिळेची, तब्येत ठणठणीत आहे आणि माझी छाती गेले चार दिवस इंचभर फुगलेलीच आहे. कारण सांगतो.

आमची मंजुषा नागपूरला बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामावर आहे, हे तुम्ही जाणताच. याकोबाच्या पत्रातल्या एका ग्रीक क्रियापदाशी, 'पाराकुप्तो'शी, तिचं मंडळ अडलं. अर्थ, वाकून पाहणे. वरिष्ठ म्हणाले, 'डोकावणे' लिहा आणि मोकळे व्हा. पोरगी म्हणाली, डोकावणारा लगेच मान काढून घेतो, या वचनातला माणूस तर पाहत थांबतो. सोमवारपर्यंत पटवलं नाही तर तिचा अर्थ बाद होणार होता. फोनवर अगदी रडकुंडीला आलेली. (मला ग्रीक येत नाही, पण बाप म्हणून काही करायला नको?)

विचार करायला शेतात गेलो. निवृत्त हेडक्लार्कची शेती ती काय! धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोटारसायकल थांबवायची, खाली न उतरता कपाशीवरून नजर फिरवायची आणि 'फस्टक्लास' म्हणून परतायचं. (तीस वर्षं फायली अशाच पाहिल्या, कुणाची तक्रार नाही.) तेवढ्यात निंदणाला आलेल्या रुपीबाईंनी हाक मारली, "सायेब, अळी हाये!" मला दिसत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "गाडीवरून कशी दिसन? वाका, फूल जवळ घ्या, अन् दम धरून पाहा." वाकलो. बराच वेळ काही नाही. मग पाकळ्या चिकटलेल्या एका फुलात (त्याला डोमकळी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं) बोंडअळी मजेत बसलेली दिसली!

तिथूनच, वाकलेल्या अवस्थेत, मंजुषाला फोन लावून रुपीबाईंच्या हातात दिला. सोमवारी पोरीनं मंडळापुढे कपाशीची सगळी हकीकत सांगितली, वरिष्ठांना कुंडीतल्या फुलावर मिनिटभर वाकायला लावलं, आणि 'डोकावणे' गेलं! आता 'वाकून न्याहाळत राहतो' असं छापणार आहेत. भाऊजी, पोरगी जिंकली. मी गल्लीभर पेढे वाटले, रुपीबाईंच्या घरी अख्खा डबा दिला.

आपला,
सदाशिव

ता. क. तुमच्या इथल्या तीन एकरांवर मीच लक्ष ठेवतो. मागच्या पत्रात 'तुमची कपाशी फस्टक्लास, फवारणीची घाई नको' असं कळवलं होतं. तेही गाडीवरूनच पाहिलं होतं.

ता. ता. क. काल तिथे रुपीबाई वाकल्या. जास्त लिहीत नाही, उमरखेडहून मिळेल त्या पहिल्या एस.टी.नं निघा.